केळुसकरांच्या घरची माणसं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हा देवीलाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी बोलून परत येते. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. जे ओळखतात त्यांच्यापुढे हे बोलायला तोंड उघडत नाही, आणि माझं तोंड सहसा अडत नाही.

म्हणजे मी कोण, ते आधी सांगायला हवं. मी मालवणची. नोकरीची सगळी वर्षं मी ओरोसला एका सरकारी कचेरीत काढली. सकाळच्या एसटीने जायचं, दिवेलागणीला परत. माझ्या टेबलावर आलेला कागद अडून राहत नसे. साहेबांनाही मी स्पष्ट सांगत असे की हे नियमात बसतं, हे बसत नाही. आमच्या आळीत दोन घरांत वाजलं तर अजूनही मला बोलावतात. मी सांगितलं की लोक ऐकतात. माझा आवाज कापत नाही, नजर खाली जात नाही. ही फुशारकी नव्हे. हाच गुण मी एकदा कशासाठी वापरला, ते पुढे येईलच.

आणि नलू. नलू माझी नणंद, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात जात होती. लांब वेणी, सायकलवरून घरी येताना गाणं म्हणायची, आणि मला पाहिलं की गप्प व्हायची — नव्या वयनीसमोर कसं गायचं म्हणून. तिला स्थळं बघायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तिला बघायला येणारे पाहुणे थांबले ते थांबलेच. कोणी ठरवलं नव्हतं तसं. पण कोणी न ठरवताही तसं झालं, आणि मी त्यात काही केलं नाही.

सासूबाईंची आंघोळ, त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, त्यांची चिडचिड सोसणं, माझ्या मुलाचा डबा, त्याचा अभ्यास, अंगण, स्वयंपाक — सगळं नलू. माझे यजमान रमाकांत यांचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान. ते दुकानात, मी ओरोसला. मी नोकरी करू शकत होते कारण नलू घरी होती. इतकं सरळ आहे हे. लोक मात्र म्हणायचे, बाई नोकरी सांभाळून घर कसं चालवते बघा. आणि मी ते ऐकून घेत असे.

आता मुन्नारला जाऊ. सगळं तिथे झालं.

ऑफिसातल्या आम्ही काही बायकांनी डिसेंबर महिन्यात केरळात जायचं ठरवलं. मुन्नार, म्हणजे चहाच्या मळ्यांचा डोंगर. रमाकांतच म्हणाले, नलूला घेऊन जा, तिने आजवर काही बघितलेलं नाही. मी म्हटलं, मग आईंचं कोण करणार? त्यांनी वेंगुर्ल्याहून मावशीला बोलावून घेतलं. नलू आधी नको नको म्हणाली, मग आदल्या दिवशी तिने शेजारणीकडून स्वेटर मागून आणला. गुलाबी, एक बटण नसलेला. कुडाळला गाडीत बसलो तेव्हा तिने खिडकी जी धरली ती एर्नाकुलम येईपर्यंत सोडली नाही.

तिथून बसने वर. आम्हाला वाटलं होतं, आंबोलीचा घाट चढलेली माणसं आम्ही, वळणांचं काय कौतुक? पण ही वळणं संपेचनात. एकेक बाई पिशवी तोंडाशी धरून बसली. आणि मग अचानक उकाडा गेला. खिडकीतून थंड वारा आला, आणि दोन्ही बाजूंना ते मळे सुरू झाले. आमच्याकडचं हिरवं म्हणजे माडाचं वेगळं, फणसाचं वेगळं, भाताचं वेगळं. तिथे डोंगरच्या डोंगर एकाच हिरव्या रंगाचे, कोणीतरी फणीने विंचरून ठेवल्यासारखे, मधूनच उंच सरळ सिल्व्हर ओकची झाडं. नलू बसमधून उतरली, तोंडातून वाफ येते आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ती उगाचच पुन्हा पुन्हा श्वास सोडून बघत राहिली. चाळिशीची बाई! मला हसू आलं. तेव्हा अजून हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहाचा कारखाना बघायला गेलो. लांबच लांब जाळ्यांवर खुडलेली पानं सुकायला पसरलेली, खालून वारा सोडलेला. तो वास तुम्ही घेतला नसेल तर सांगता येणार नाही — चहाचा नाहीच तो, ओल्या गवताचा आणि पिकल्या फळाचा मिळून काहीतरी. नलू वाकून मला म्हणाली, ‘वयनी, हो वास बघ गो.’ आणि आमच्या पुढे उभा असलेला, पाहुण्यांना इंग्रजीत माहिती सांगणारा माणूस बोलता बोलता थांबला. वळला. त्याने विचारलं, ‘तुमी मालवणच्या काय?’

ते केळुसकर. त्या कारखान्यात पानांची प्रत बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पन्नाशीला टेकलेले, सडसडीत, कानाशी पांढरे झालेले केस. वडील वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावातून तरुणपणी चहाच्या मळ्यावर कारकून म्हणून आले आणि तिथेच राहिले. यांचा जन्म तिथला. मराठी लिहिता वाचता यायचं नाही. मालवणी मात्र यायची, वडिलांची होती तशी, जुन्या वळणाची. वडील गेल्यावर बोलायला कोणी उरलं नव्हतं. ते आमच्याशी बोलताना मधेच अडायचे, शब्द आठवायचे, आणि सापडला की त्यांचा चेहरा उजळायचा. खिडकीला त्यांनी ‘जनेल’ म्हटलं तेव्हा नलू खुदकन हसली. म्हणाली, तिची आजी अगदी असंच म्हणायची, असाच हेल काढून. त्यांनी मग तिला अजून काय काय विचारलं, तव्याला काय म्हणता, पायरीला काय म्हणता. दोघं त्या पानांच्या वासात उभी राहून शब्द मोजत — नाही, मोजत नव्हती. खेळत होती.

पुढच्या दिवशी त्यांनी सुट्टी काढली आणि आम्हाला धरण, वरचा तलाव, धुकं उतरतं तो कडा, सगळं फिरवून दाखवलं. आम्हाला म्हणजे सगळ्यांना. पण ऑफिसातल्या बायका फोटो काढण्यात रमल्या होत्या, आणि केळुसकर नलूच्या बाजूने चालत होते. फार जवळून नाही. मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

आणि नलू बोलत होती. माझ्याशी वर्षानुवर्षं एकेका वाक्यात बोलणारी नलू त्यांना आमसुलं कशी वाळवायची ते सांगत होती, माशांची नावं सांगत होती, सासूबाईंची नक्कल करून दाखवत होती. मी मागून ऐकत होते. ही इतकी गमतीशीर आहे हे मला माहीत नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं.

मला ते आवडलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी सासूबाईंचं कारण देणार आहे आणि ते खरंही आहे, पण त्याच्याही आधी हे होतं. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. का? मी तिला काय कमी केलं होतं? सण आला की साडी, दुखलं खुपलं की डॉक्टर. कधी आवाज चढवला नाही. आणि हा परका माणूस, शब्द अडखळत बोलणारा, दोन दिवसांत तिच्या तोंडून गाणं काढायचा बाकी राहिला होता.

त्या संध्याकाळी खोलीत केस विंचरताना तिने मला विचारलं, पाठमोरी राहूनच: ‘त्यांच्या घराकडे कोण कोण आसा गो, वयनी?’

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, सहज विचारलं. आणि कंगवा धुतलेला असूनही पुन्हा धुवायला गेली.

तिसऱ्या दिवशी मला कळलं. आम्ही मळ्यातल्या पायवाटेने उतरत होतो. नलू बाकीच्या बायकांबरोबर पुढे. खुडणाऱ्या बायका पाठीला पोती बांधून वरच्या उतारावर काम करत होत्या, त्यांच्या तमिळ बोलण्याचा आवाज खाली येत होता. केळुसकर माझ्यासाठी मागे रेंगाळले. त्यांनी आधी स्वतःच्या घरचं सांगितलं, मी न विचारता, सरळ. लग्न झालं होतं, बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याला पुष्कळ वर्षं झाली. मग धाकटा भाऊ वारला, तेव्हापासून त्याची विधवा बायको आणि तिच्या दोन मुली कारखान्याच्या क्वार्टरमध्ये यांच्याकडेच. भावजय तमिळ, मुलींना मालवणी येत नाही. आणि मग म्हणाले, ‘वयनी, माका आडून-आडून बोलूक येना नाय. नलूबायक माझ्यासाठी इचारशात काय?’

बघा, किती रीतसर. तिला थेट विचारलं नाही. तिला कोड्यात टाकलं नाही. घरातल्या मोठ्या बाईला विचारलं, जसं त्यांच्या वडिलांनी विचारलं असतं तसं.

आणि मी काय केलं?

मला आठवतं, मी क्षणभरच थांबले. त्या क्षणात माझ्या डोळ्यांपुढे नलू आली नाही. माझं घर आलं. सकाळची एसटी आली. सासूबाईंचा पलंग आला. माझ्या बढतीचं बोलणं चाललं होतं, ते आलं. मुलाची दहावी आली. नलू गेली तर मला नोकरी सोडावी लागेल, किंवा बाई ठेवावी लागेल आणि सासूबाई परक्या बाईच्या हातचं घोटभर पाणीही घेणार नाहीत. हे सगळं मी ऑफिसात फाईल बघावी तसं बघितलं आणि निकाल दिला. मी म्हटलं, ‘मी तिका इचारलंय. तिका लगीन करूचा नाय.’

माझा आवाज कापला नाही.

तिला मी विचारलं नव्हतं. पण मी पुढे सांगत गेले, की तिला अंदाज आला होता, तिनेच मला सांगून ठेवलंय, ती आईला सोडून येणार नाही, आणि तुम्ही आता तिच्याकडे हा विषय काढू नका, तिला ओशाळल्यासारखं होतं. केळुसकर ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, तिला वाईट तर नाही ना वाटलं? मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, ‘मगे ऱ्हवांदे.’ राहू दे. आणि चालता चालता चहाच्या झुडपाचं एक पान तोडून हातात चुरडत राहिले. संध्याकाळी आम्हाला भेटायला येणार होते, आले नाहीत. मीच सुचवलं होतं तसं.

इथपर्यंत तुम्ही मला समजून घ्याल कदाचित. सगळेच स्वार्थी असतात, आजारी म्हातारी घरात आहे, संसार आहे. पण मी इथे थांबले नाही. थांबले असते तर आज हे सांगायला बसले नसते.

नलू खोलीत माझी वाट बघत होती. आम्हाला पायवाटेवर मागे बोलत चालताना तिने पाहिलं होतं. हातातली साडीची घडी तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला कळलं की हिला नुसतं गप्प ठेवून भागणार नाही. ही विचार करत राहील. उद्या पत्ता शोधील, फोन करील. ही मनातून निघायला हवी. मग मी ते बोलले.

‘त्यांका बायल आसा, नलू. दोन चेडवां आसत. आत्ताच माका सांगल्यानी.’

भावाच्या त्या दोन मुली मी उचलून केळुसकरांच्या केल्या आणि त्यांना बायको चिकटवून दिली. किती सोपं होतं! आणि ती काही बोलायच्या आत वर हेही म्हटलं, की बाहेरगावचे असे पुरुष असतातच, तुला एवढ्या वयात हे कळायला हवं होतं.

तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. मला ते विसरता आलेलं नाही, पण ते तिचं आहे. एवढंच सांगते, की ती रडली नाही. तिने तो गुलाबी स्वेटर अंगातून काढला, घडी केली, बॅगेत अगदी तळाला घातला. बाहेर कडक थंडी होती. मी म्हटलं, अगं घाल. ती म्हणाली, थंडी नाही वाजत.

परतीच्या गाडीत बाकीच्या बायका पेंगत होत्या. नलू माझ्या शेजारी सरकून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘वयनी, माझा चुकला. मी जरा येड्यासारखीच वागलंय. दादाक सांगू नको.’

तिने माझी माफी मागितली. कशाची? हसल्याची. चालता चालता एका माणसाला माशांची नावं सांगितल्याची. आणि मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, जाऊ दे, विसर, मी कोणाला सांगत नाही. मी तिला माफ केलं! तिने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, कुडाळ येईपर्यंत.

मग घर. ओरोस. बढती मिळाली मला, सांगायचं राहिलं. मुलगा शिकला, पुण्याला गेला. नलू पूर्वीसारखीच सगळं करत राहिली, फक्त कुठे जाऊया म्हटलं की नको म्हणायची. लग्नकार्यातसुद्धा मागच्या रांगेत बसून लगेच परत. अनोळखी पुरुष घरात आला, मीटर बघायला आला तरी, ती आत जाऊ लागली. लोक म्हणायचे, वय झालं, स्वभाव बदलला. मला माहीत होतं स्वभाव कोणी बदलला ते. माहीत असूनही मी चांगली झोपत असे. हेही खरं सांगते. रात्र रात्र तळमळले असं काही झालं नाही. मी एक निर्णय घेतला होता आणि घर नीट चाललं होतं.

सासूबाई गेल्या. त्यानंतर माझी निवृत्ती झाली. आता घरात आम्ही तिघंच, आणि आता नलूवाचून अडणारं असं काहीही उरलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. जे कारण मी स्वतःला देत आले होते ते संपलं होतं.

आणि मग एका दुपारी ते आले.

मे महिना होता. नलू मागच्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी पडवीत पेपर वाचत होते. फाटकाशी कोणीतरी उभं राहिलं. केस पूर्ण पांढरे, पण उभं राहण्याची तीच ढब. बाजारात रमाकांतच्या दुकानात त्यांनी चौकशी केली होती, आणि रमाकांतनीच घराची वाट सांगितली होती. रमाकांतना काय ठाऊक? त्यांना वाटलं, बायकोच्या ओळखीचं कोणी. केळुसकर निवृत्त झाले होते. वडिलांचं गाव एकदा बघावं म्हणून केळूसला येऊन गेले, आणि तसेच मालवणला आले. मी म्हटलं, बसा. ते बसले. चहाचं पाकीट आणलं होतं, ते माझ्या हातात दिलं.

त्यांनी विचारलं, आई कशी आहे? मी सांगितलं, गेल्या. मग त्यांनी विचारलं, म्हणजे नलूबाय आता एकट्याच? आणि मी म्हटलं, एकटी कशी, आम्ही आहोत ना.

तुम्ही त्या जागी असता तर काय बोलला असता? मला विचारायचा अधिकार नाही, पण हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. तो माणूस दुसऱ्यांदा काही मागत नव्हता. एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही, असं मानणारा होता तो. पण इतक्या लांबून आला होता. पडवीच्या कोपऱ्यावर बसून तो आतल्या दाराकडे बघत होता.

नलू पाणी घेऊन बाहेर आली. तिला माहीत नव्हतं कोण आलंय. तिने त्यांना पाहिलं आणि तांब्या घेऊन उंबऱ्यातच थांबली. केळुसकर उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बघत होती आणि मी दोघांच्या मधे खुर्चीवर बसले होते.

नलूने पाणी ठेवलं. पदर सारखा केला. आणि अगदी सभ्यपणे, जसं कोणत्याही पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, ‘घराकडची माणसां बरी आसत मा?’

‘बरी आसत,’ ते म्हणाले. ‘मोठ्या चेडवाचा लगीन झाला.’

‘बरा झाला,’ नलू म्हणाली.

तुम्हाला कळलं ना काय झालं ते? ती त्यांच्या बायकोची चौकशी करत होती. ते भावाच्या मुलीचं सांगत होते. ते बोलले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि तिने विचारलं त्यात एकही कडू शब्द नव्हता. खोटं मधे बसलं होतं, हातात चहाचं पाकीट धरून. ‘नलू, ती त्यांची पुतणी’ — इतकं बोलायचं होतं. चार शब्द. ऑफिसात साहेबांना तोंडावर चूक सांगणारी मी. चार शब्द मला बोलता येत नव्हते का?

येत होते. मी बोलले नाही.

आणि या वेळी सासूबाई नव्हत्या, नोकरी नव्हती, दहावी नव्हती. या वेळी फक्त मी होते. मला इतकंच वाटलं, की हे आता उघड झालं तर नलू माझ्याकडे कशी बघेल? रमाकांत कसे बघतील? आळी काय म्हणेल? या घरात माझा शब्द मानतात. तो शब्द मला राखायचा होता. एका बाजूला दोन माणसांचं उरलेलं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला माझं नाव. मी दोन्ही बघितली. मला निवडायला वेळ लागला नाही.

नलू आत गेली, पुन्हा बाहेर आली नाही. केळुसकर पाणी प्यायले. तांब्या अलगद खाली ठेवला, जसा दुसऱ्याच्या घरचा ठेवतात. मला म्हणाले, घर छान आहे, वारा चांगला येतो. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षा मिळेपर्यंत उभी राहिले, इकडचं तिकडचं बोलत. रिक्षात बसताना त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी नलूने त्यांनी आणलेल्या चहापत्तीचाच चहा केला. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून प्यायलो. तिने कप संपवून बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘वयनी, तू तेव्हा सांगलंस म्हणान बरा. नायतर माझा काय झाला असता?’

मी चहा पीत राहिले. चहा चांगला होता.

त्यालाही आता काही वर्षं झाली. केळुसकर कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मी शोध घेतलेला नाही. नलूची साठी झाली. माझा मुलगा पुण्याहून आला होता, घरातल्या घरात छोटा समारंभ केला. त्याने तिला चार शब्द बोलायला लावलं. तिला बोलायची सवय नाही, तरी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की मला आईने जन्म दिला, पण सांभाळलं वयनीने. रमाकांतचे डोळे भरले. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. आणि मी हसून म्हटलं, असू दे, बस आता.

त्या दिवसापासून हे आत ठेवणं मला जमेनासं झालं. पश्चात्ताप म्हणतात तो हाच का, मला सांगता येणार नाही. मी त्याला नाव देणार नाही. मला शिक्षा नको आहे, क्षमा नको आहे. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर काय केलं असतं, हेही मला ऐकायचं नाही. जे केलं ते मी केलं, दोनदा केलं, आणि दुसऱ्यांदा पूर्ण शुद्धीत, विनाकारण केलं.

केळुसकरांना बायको नव्हती. मुन्नारला आम्ही भेटलो तेव्हा नव्हती, आमच्या पडवीत येऊन बसले तेव्हाही नव्हती. त्यांनी नलूला मागणी घातली होती, रीतसर, माझ्याकडे. आमच्या घरात हे मला एकटीला माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे. नलूला अजून नाही.